भीमाबाईला दिलेली डिस्क

दोन हजार सात सालची गोष्ट. मुरबाडला बाजारपेठेमागच्या गल्लीत नरेंद्रचं घर होतं, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर क्लास. चार मशिनी होत्या. एकीत व्हायरस शिरला की त्यावर बसणाऱ्या सगळ्या पोरांचं काम जायचं. म्हणून श्रावणात त्याने ठरवलं, माळ्यावर पडलेलं जुनं मशीन झाडूनपुसून, रॅम वाढवून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवायचं आणि चारही मशिनींचं काम त्या एकातच साठवायचं. तो त्याला सर्व्हर म्हणायचा. त्याची बायको अनिता म्हणायची, "तुमचा डबा."

त्याच दिवसांत भीमाबाई आली. टोकावड्याच्या पुढच्या वस्तीवरून, एसटीने. जुन्या लुगड्यात बांधलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट तिने मांडीवर घेऊन आणलं होतं.

"जय भीम, सर. हे संघरत्नाचं."

संघरत्ना नरेंद्रची विद्यार्थिनी. दोन वर्षं क्लासला आली, चांगली तयार झाली, मग कुणाचं तरी वापरलेलं मशीन तिने घरी नेलं. आषाढात तिला ताप भरला. चार दिवस उतरला नाही, पाचव्या दिवशी पोरगी गेली. नरेंद्र तिच्या मातीला गेला होता.

"यात तिचा आवाज हाय," भीमाबाई म्हणाली. "मला वाचता येत नाय ना. धडं वाचून भरून ठेवायची ती, मी भाकऱ्या थापताना ऐकायची. परवा वीज कडाडली आन् हे बंद पडलं. तेवढा आवाज काढून द्या, सर. बाकी काय नको मला."

"देतो, मावशी. अवघड नाय त्यात काही."

खरंच नव्हतं. विजेच्या लोळाने फक्त आतला पॉवर सप्लाय गेला होता. हार्ड डिस्क धडधाकट होती. नरेंद्रने ती आपल्या सर्व्हरला लावून बघितली. एक फाइल उघडली. संघरत्ना इतिहासाचा धडा वाचत होती. मध्येच थांबून ती हसली, "आये, करपली बघ भाकरी," आणि पुन्हा वाचायला लागली. नरेंद्रचे डोळे भरून आले. उद्या सगळं सीडीवर उतरवू, असं त्याने मनाशी म्हटलं.

उद्या उजाडला तो परीक्षेच्या घाईचा. दुसऱ्या दिवशी पंचवीस पोरांची परीक्षा, आणि सर्व्हर उभा राहत नव्हता. नरेंद्रने सकाळपासून तो उघडून ठेवला होता. संघरत्नाची डिस्क कालपासून त्यालाच लटकलेली. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. कुठल्या डिस्कवर नवी सिस्टिम टाकायची, असं पडद्यावर विचारलं. त्याने बघितलं न बघितलं आणि समोर आली तिला हो म्हटलं.

अर्ध्या तासाने चूक कळली. नवी सिस्टिम संघरत्नाच्या डिस्कवर बसली होती, तिच्यातलं सगळं पुसून. तो स्टुलावर बसून राहिला.

पण इथवर झाली ती चूक होती. पुढचं त्याने जाणूनबुजून केलं. पुसलेल्या डिस्कवर नवीन काही लिहिलं नाही, तर जुनं अजून सापडू शकतं, हे त्याला ठाऊक होतं. मुंबईत ते काम करणारी माणसंही त्याला माहीत होती. डिस्क तेवढ्यात काढून बाजूला ठेवायची होती. पण सर्व्हर आता त्याच डिस्कवर छान उभा राहिला होता, आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. त्याने ती तशीच ठेवली. पंचवीस पोरांचे पेपर संघरत्नाच्या आवाजावर चढले.

भीमाबाई दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी यायची. उंबऱ्याशी बसायची, चहा घ्यायची, विचारायची, "झालं का, सर?" तीन वेळा तो "बघतोय" म्हणाला. चौथ्यांदा म्हणाला, "मावशी, विजेने डिस्क जळली. काही उरलं नाय तीत."

तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "जळली तर जळली. ती तरी द्या मला. तिचा आवाज होता ना तीत. घरात ठेवीन."

डिस्क स्वयंपाकघरात चालू होती. नरेंद्र आत गेला, निकामी सामानाच्या खोक्यातून हाताला लागेल ती एक मेलेली डिस्क उचलली, वरची धूळ सदऱ्याला पुसली आणि बाहेर आणून भीमाबाईच्या ओंजळीत ठेवली. तिने ती कपाळाला लावली. पदराच्या टोकात गाठ मारून ती एसटी स्टँडकडे निघून गेली.

भाद्रपद लागला आणि सर्व्हर दुपारचा अडकायला लागला.

सकाळभर नीट चालायचा. साडेतीनच्या सुमारास चारही मशिनी एकदम थिजायच्या. अर्ध्या तासाने आपोआप सुरू व्हायच्या. नरेंद्रने रॅम काढून तिचे पाय खोडरबराने घासले. केबल बदलली. पॉवर सप्लाय बदलला. गरम होत असेल म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. काही फरक पडला नाही. त्याने चारही मशिनींच्या तारा उपटून ठेवल्या, म्हणजे सर्व्हरला बाहेरून कुणी काम सांगणारच नाही. साडेतीनला डिस्क बोलायला लागली. कट्... कट्कट्... कट्... डिस्कवर काही लिहिलं जात असलं की होतो तो आवाज. कुणी लिहायला सांगत नव्हतं आणि ती लिहीत होती.

मग एका दुपारी भारनियमनात वीज गेली. यूपीएसनेही थोड्या वेळात मान टाकली. पंखे थांबले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती तेवढीच. अनिता भांडी घासता घासता थांबली.

"अहो... वीज नाय ना?"

"नाय."

"मग तुमचा डबा कसा काय..."

कोपऱ्यातून आवाज येत होता. कट्... कट्कट्... नरेंद्रने भिंतीतली पिन उपटली. आवाज थांबला नाही. त्याने वाकून डिस्कवर बोट ठेवलं. आतलं चक्र फिरत होतं. बोटाला बारीक थरथर लागत होती, मांजराच्या अंगाला हात लावल्यावर लागते तशी. चारच्या सुमारास ती हळूहळू विझली.

वीज आल्यावर त्याने डिस्क उघडून तपासली. पोरांच्या कामाच्या शेजारी एक नवा फोल्डर होता. त्याला नाव नव्हतं. आत एकोणीस फाइली होत्या, रोजची एक, प्रत्येकीवर साडेतीनची वेळ. सगळ्या आवाजाच्या. त्या मशिनीला कधी माइक लावलेलाच नव्हता.

त्याने हेडफोन कानाला लावला. आता संघरत्ना बोलेल, धडा वाचेल, अशी त्याला भीती वाटत होती. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी, की थोडी आशाही वाटत होती. तिचा आवाज परत आला असता, तर सीडीवर उतरवून देता आला असता. मग कुणाला काही सांगावं लागलं नसतं.

आवाज भीमाबाईचा होता.

आधी कोंबडीची कलकल, चुलीत फाटी मोडल्याचा आवाज. मग ती, अगदी जवळून. "आज खाचरातलं तण काढलं, बाई. भात पोटरीला आलाय. तू असतीस तर..." मग नुसता श्वास. दुसऱ्या फाइलीत ती म्हणत होती, "सरांनी तुला जपून दिली बघ माझ्याकडं. अशी मानसं कुठं र्‍हायलीत आता." नरेंद्रने हेडफोन काढला. पुन्हा लावला. शेवटची, त्याच दुपारची फाइल ऐकली.

"अजून अंग ऊन हाय गो तुझं. कवा उतरायचा ताप?... बोलतेस तर नीट बोल. मला समजत नाय तू काय म्हनतेस."

त्या रात्री तो जेवला नाही. अनिताने विचारलं तेव्हा त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा."

सकाळी त्याने संघरत्नाची डिस्क काढली, पंच्यात गुंडाळली आणि माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत बसला. टोकावड्याला उतरून वस्तीपर्यंत पायवाट. दोन्ही बाजूंना भात कमरेएवढा वाढलेला. ऊन स्वच्छ होतं. भरल्या शेतातून चालताना त्याला वाटलं, इथे कसली भीती? आपलं मनच खातंय आपल्याला, बाकी काही नाही.

भीमाबाई दारातच दिसली. "सर! या या. बसा," म्हणत तिने घोंगडी अंथरली. नरेंद्र बसला नाही. उभ्यानेच त्याने पंचा सोडून डिस्क पुढे धरली आणि बोलून टाकलं. ही तुमच्या पोरीची. जळली नव्हती. मी पुसली. परत मिळालं असतं, ते मी मिळू दिलं नाही. आणि तुम्हाला दिली ती दुसरीच, खोक्यातली.

भीमाबाईने डिस्क हातात घेतली. उलटीपालटी करून बघितली.

"हिच्यात आवाज हाय तिचा?"

"नाय, मावशी."

"गेला तो गेला?"

"गेला. माझ्या हातानं गेला."

तिने शिव्या द्याव्यात, असं त्याला वाटत होतं. ती रडली असती तरी चाललं असतं. ती खांबाला टेकून खाली बसली आणि डिस्क मांडीवर घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. कोडं पडल्यासारखं ती बघत होती.

"सर... मग ती कोन?"

"कोण?"

तिने घराच्या आतल्या बाजूला बोट केलं.

आत अंधार होता, आणि ओल्या कापडाचा वास. आजारी माणसाच्या खोलीला येतो तसा. कोपऱ्यात बाबासाहेबांच्या आणि संघरत्नाच्या फोटोखाली गोधडीची घडी, तिच्यावर ती मेलेली डिस्क. शेजारी पाण्याचं ताट. आणि डिस्कवर घडी घालून ठेवलेली ओली पट्टी.

"आनली त्या दिवसापास्नं ऊन हाय," भीमाबाई त्याच्या मागे येऊन कुजबुजली. "मला वाटलं, पोर तापात गेली, ताप तसाच र्‍हायला... म्हनून पट्ट्या ठेवते. दुपारी जवळ बसले की बोलते ती. फार बारीक. पन..."

"पण काय?"

"आये नाय म्हनत मला. एकदा पन नाय. मी म्हनलं, तापात वळखत नसंल."

नरेंद्रने पट्टी उचलली. ती वाळत आली होती. त्याने डिस्कवर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला. तार नाही, वीज नाही, आणि लोखंड तापलेल्या कपाळासारखं लागत होतं. वर चिकटवलेला कागद खरवडून गेलेला. कुणाची होती? कधी आली होती? आठ-दहा वर्षांत किती जणांनी किती मशिनी त्याच्याकडे आणून टाकल्या होत्या, आणि त्यातल्या किती जणांना त्याने न उघडताच सांगितलं होतं की जळली, काही उरलं नाही... त्याला एकही चेहरा आठवेना.

"द्या मावशी, ही मी घेऊन जातो," तो कसाबसा म्हणाला. "हिच्याशी तुमचा काही संबंध नाय."

भीमाबाईने मांडीवरची डिस्क फोटोशेजारी ठेवली. मग गोधडीजवळ बसली, त्याच्या हातातली पट्टी घेतली, ताटातल्या पाण्यात बुडवून पिळली आणि अलगद त्या परक्या डिस्कवर पसरली.

"अशी कशी देऊ?" ती म्हणाली. "ताप नाय उतरला अजून."

तेवढ्यात तिने मान कलती केली आणि ऐकत राहिली. नरेंद्रला काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणते?" त्याने विचारलं.

भीमाबाईने त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा बदलला.

"सर," ती हळूच म्हणाली, "ती तुमचं नाव घेते."