अर्थिंगचा खड्डा

ट्रेलर मेहरूणच्या तळ्याकडून वळून गिरधरच्या अंगणात शिरला तेव्हा त्याच्यामागे अर्धी आळी चालत आली होती. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली ती गाडी. तिला जीप ओढत होती. पत्र्याचं अंग, दोन्ही बाजूंना दोन-दोन लहान खिडक्या आणि मागच्या अंगाला लोखंडी पायऱ्या. हिरव्या रंगाखालून जुने लष्करी आकडे अजून दिसत होते.

"साहेब, इंजिन कुठल्या टेसनावर विसरलं?" गिरधरने विचारलं. लोक हसले. त्या दिवसापासून सगळे ट्रेलरला डबाच म्हणू लागले.

साल सत्तावन्नचं, महिना वैशाखाचा. लीलाधर मूळचा धुळ्याचा. जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या सरकारी सर्वेक्षण पथकात अधिकारी होता. लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या, त्यातून वीज सोडायची आणि माती तिला किती अडवते हे यंत्रावर वाचायचं, हे त्याचं काम. भडगाव, पारोळा, अमळनेर अशी त्याची सदा फिरती असे, आणि जळगावातलं सरकारी घर अजून मिळालेलं नव्हतं. एरवी तो एकटा कुठल्याही धर्मशाळेत पथारी टाकून राहिला असता. पण या खेपेला कुंदा बरोबर होती आणि तिला पाचवा महिना लागला होता.

याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. दोन्ही वेळा ती माहेरी होती आणि दोन्ही वेळा लीलाधर पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. या वेळी तिने एवढंच सांगितलं, की काय व्हायचं ते तुमच्यासमोर होऊ दे. म्हणून त्याने साहेबांच्या हातापाया पडून पथकाचा ट्रेलर मिळवला आणि जळगावचं इस्पितळ जवळ पडावं म्हणून मेहरूण निवडलं. गिरधरकडे दोन वर्षांपूर्वी वीज आली होती. त्याच्या मीटरवरून तार ओढून ट्रेलरला जोडायची, म्हणजे आत पंखा आणि दिवा चालेल. वैशाखात त्या पत्र्यात पंख्याशिवाय धडधाकट माणूससुद्धा टिकला नसता.

तार ओढायला शहरातून रुपचंद वायरमन आला. दुपारपर्यंत त्याने मेन स्विच, फ्यूज आणि रबरी केबल बसवून टाकली आणि चहा मागितला. लीलाधर म्हणाला, अर्थिंग राहिलं.

"घराला आहे की, साहेब."

"डब्याला नाही."

घर जमिनीवर उभं असतं. डबा मात्र रबरी चाकांवर उभा होता, मातीशी त्याचा कुठेच संबंध नव्हता. आतल्या तारेचं वेष्टण कुठे झिजलं तर सगळा पत्रा विजेने भारून जाणार आणि आतल्याला ते कळणारही नाही. ओल्या पायांनी जमिनीवर उभं राहून जो पहिला त्या पायरीला हात लावेल त्याला ते कळेल. तो पहिला माणूस कोण असेल हे लीलाधरला डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणून डब्यापासून एक तार काढून ती खोल, ओलसर जमिनीत पुरायची होती. भोवती कोळसा आणि मीठ घालायचं होतं, म्हणजे ओल धरून राहते.

जागा त्याने स्वतः शोधली. आपल्याच सळया त्याने अंगणभर ठोकून पाहिल्या. सगळीकडे माती कोरडी ठणठणीत होती. फक्त न्हाणीच्या मागे, कडुनिंबापासून थोड्या अंतरावर, यंत्राचा काटा एकदम खाली आला. त्याने सळया उपटून पुन्हा ठोकल्या. आकडा तोच. वरून जमीन भेगाळलेली होती आणि खाली वीज पाण्यात जावी तशी जात होती.

खड्डा कमरेइतका झाला तेव्हा पहारीला पांढरे खडे लागले. रुपचंदने एक खडा जिभेला लावला आणि थुंकला.

"मीठ आहे, साहेब. आपलं मीठ वाचलं. कुणीतरी आधीच अर्थिंग करून ठेवलंय."

लीलाधरने गिरधरकडे पाहिलं. गिरधरने खांदे उडवले. घराचं अर्थिंग पुढच्या बाजूला होतं, आणि त्याआधी या घरात रॉकेलची चिमणी होती, मग हे अर्थिंग कुठलं? असेल कसलं तरी, आईला विचारा, ती आली की सांगेल. आई पारोळ्याला लेकीकडे लग्नाला गेली होती. तांब्याची पट्टी त्या मिठातच उभी केली, वर कोळसा घातला आणि खड्डा बुजवून तोंडाशी विटांचं आळं केलं. संध्याकाळी पंखा फिरू लागला. कुंदा त्याच्याखाली डोळे मिटून बसली. इतक्या निवांत बसलेली त्याने तिला फार दिवसांत पाहिली नव्हती.

गिरधरची आई, ताईबाई, दोन दिवसांनी परतली. सगळे तिला अक्का म्हणत. वाळकीशी, उंच म्हातारी. गाठोडं काखेत तसंच धरून ती न्हाणीच्या मागे गेली आणि त्या विटांच्या आळ्याकडे बघत उभी राहिली. घरात गेलीच नाही. लीलाधर जवळ आला तेव्हा तिने खालीच बघत विचारलं, "काय निंघनं?"

"काही नाही, अक्का. मीठ तेवढं."

"दुसरं काही नही?"

"नाही."

तिने मान हलवली. गाठोडं खाली ठेवलं.

आळं ओलं ठेवावं लागतं, रोज थोडं पाणी घाला, असं लीलाधरने घरात सांगून ठेवलं होतं. ते काम अक्काने घेतलं. सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या. पाणी ओतताना ती आळ्याशी उकिडवी बसे आणि पाणी पूर्ण जिरेपर्यंत उठत नसे. पुढे पाऊस लागला, अंगणात चिखल झाला, तरी तिचा तांब्या चुकला नाही. लीलाधर हसून म्हणाला, अक्का, आता आभाळ घालतंय की पाणी.

"त्याले तहान लागस, भाऊ."

"कुणाला?"

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. "तुन्या तारले," ती म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली.

मधल्या काळात डब्यातला दिवा मंदावू लागला होता. एकदम नाही. सावकाश उतरायचा आणि सावकाश चढायचा. त्याच वेळी गिरधरच्या ओसरीवरचा दिवा स्थिर असायचा, आणि दोन्ही एकाच मीटरवर होते. लीलाधरने केबल तपासली, प्लगच्या पिना घासल्या, फ्यूजची तार बदलली. कुंदाला त्याचं काही वाटत नव्हतं. ती पत्र्याला पाठ टेकून बसे आणि म्हणे, इथे हाताला बारीक मुंग्या येतात, छान वाटतं. हे ऐकल्याबरोबर लीलाधरने मेन बंद करून सगळी जोडणी उकलली. गळती कुठेच नव्हती.

शेवटी त्याने सर्वेक्षणाचं नाजूक मीटर आणून खड्ड्याकडे जाणाऱ्या तारेत जोडलं. घरातली वीज सारखी उलटसुलट वाहते, तिला ते मीटर दाद देत नसे. एकाच दिशेने वाहणारा प्रवाह तेवढा त्यावर दिसे. मेन बंद होता, प्लग काढून बाजूला ठेवला होता. तरी काटा उठला, थोडा चढला, खाली आला, पुन्हा चढला. प्रवाह मातीतून डब्याकडे येत होता.

याला उत्तर होतं. तांब्याची पट्टी, लोखंडी सांगाडा आणि मधे खारट ओल, म्हणजे एक कच्ची बॅटरीच. विद्यार्थ्यांना शिकवावं असं साधं उत्तर. फक्त बॅटरीचा काटा एका जागी राहतो. हा राहत नव्हता.

तो बघत असताना काटा उतरत उतरत शून्यावर आला आणि थांबला. डब्यातून कुंदाचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"निजलं वाटतं बाळ."

लीलाधरने मीटर उचललं आणि पेटीत ठेवून दिलं.

आषाढात गिरधरच्या बायकोने, सुगंधाने, कुंदाला निवडण-टिपण करताना एक गोष्ट सांगितली. जेवताना कुंदाने ती लीलाधरला सांगितली. गिरधरच्या आधी अक्काला एक मुलगा झाला होता. दात यायच्या आतच गेला. एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, म्हणून पुरला. नवरा त्याला तळ्याकाठी न्यायला निघाला होता, पण अक्काने नेऊ दिला नाही. इथेच कुठेतरी पुरला म्हणतात. कुठे, ते तिने कुणाला सांगितलेलं नाही.

"बिचारी," कुंदा म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

लीलाधरचा घास तोंडाशी राहिला. लहान मुलाला पुरताना अंगावर मीठ घालतात हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या धाकट्या भावाच्या वेळी वडिलांनी दुकानातून मिठाची पिशवी आणलेली त्याने पाहिली होती. सहा महिन्यांच्या गरोदर बाईला हे सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्का आळ्याशी बसली होती तेव्हा तो शेजारी जाऊन बसला. खड्डा दुसरीकडे घेतो, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. मला माहीत नव्हतं, असंही म्हणाला.

अक्का पाणी जिरताना बघत होती.

"हालाडू नको, भाऊ. निजेल शे."

निजलाय त्याला निजू दे, असं तिचं म्हणणं. तरी त्याने ठरवलं. कुणाच्या मुलाच्या अंगावर आपली तार ठेवायची नाही, बस्स. अक्का शेतावर गेलेली पाहून त्याने गोठ्याच्या बाजूला नवा खड्डा खणून घेतला. नवी पट्टी आणली, मीठ आणलं. भर दुपार होती. कुंदा आत आडवी झाली होती. त्याने तिला काही सांगितलं नाही. मेन बंद केला. पंखा थांबला, पण तो एरवीही थांबे, वीज जाई तेव्हा. मग त्याने डब्याच्या सांगाड्याचा बोल्ट सैल केला आणि खड्ड्याकडे जाणारी तार काढून हातात घेतली.

आतून काही ऐकू आलं नाही.

तो नव्या तारेचं टोक तासत बसला.

"अहो."

तिचा आवाज सपाट होता. तो पायऱ्यांशी गेला. कुंदा उठून बसली होती. दोन्ही हात पोटावर होते.

"हलत नाहीये," ती म्हणाली. "आत्ता हलत होतं. एकदम थांबलं."

"निजलं असेल."

"नाही. निजलेलं मला कळतं." तिने पोट हलकेच दाबून पाहिलं. "तेव्हासारखं वाटतंय. दोन्ही वेळा असंच झालं होतं."

तिचे ओठ पांढरे पडले होते.

लीलाधर पायऱ्या उतरला. नवी तार जवळ होती, हातभर अंतरावर. गोठ्याकडच्या खड्ड्यात पट्टी बसवून तयार होती. जोडायला काहीच वेळ लागला नसता.

त्याने जुनी तार उचलली.

बोल्ट आवळताना त्याच्या बोटांना मुंग्या आल्या. मेन अजून बंदच होता.

"अहो," आतून कुंदा म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. "हललं."

गोठ्याकडचा खड्डा त्याने त्याच संध्याकाळी बुजवून टाकला. गिरधरने कारण विचारलं. जागा कोरडी निघाली, असं त्याने सांगितलं. त्यानंतर त्याने त्या तारेला हात लावला नाही. अक्का शेतावरून आली, तांब्या भरून नेहमीसारखी आळ्याशी बसली, आणि ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून तोंड भरून हसली.

भाद्रपदात कुंदाला कळा लागल्या. सुगंधा तिच्याबरोबर जीपमध्ये बसली. लीलाधर मेन बंद करायला मागे राहिला तेवढ्यात त्याने पेटीतून मीटर काढून तारेला लावलं. का लावलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

काटा शून्यावर होता. त्याने टिचकी मारली. काटा हलला नाही.

न्हाणीच्या मागे आळ्यात पाणी साचलं होतं. अक्का तांब्या घेऊन उभी होती. पाणी जिरत नव्हतं. ती थोडा वेळ थांबली, तांब्यातलं उरलेलं पाणी तिने कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि घरात गेली.

मुलगा झाला. नीट, टवटवीत, मोठ्याने रडणारा. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटून सांगितलं, की आता काही काळजी नाही. नामकरण झालं, जळगावात सरकारी घरही मिळालं. ट्रेलर मात्र मेहरूणलाच पडून होता. पौषात लीलाधरची धुळ्याला बदली झाली तेव्हा तो ट्रेलर न्यायला आला. बाळ दाखवायला म्हणून कुंदाही आली.

थंडी कडाक्याची होती. ओसरीवर गिरधर घोंगडी पांघरून बसला होता. डब्याच्या चाकांचं रबर कडक झालं होतं, पत्र्यावर दव धरलं होतं. लीलाधरने अर्थिंगची तार काढली. ती सहज निघाली, हाताला काहीच जाणवलं नाही. आळ्यातल्या विटा कोरड्या होत्या आणि मातीला भेगा पडल्या होत्या.

"पाणी घालणं सोडलं का, अक्का?" त्याने विचारलं.

"तठे आते कोन शे?" अक्का म्हणाली. तिची नजर बाळावर होती.

सुगंधाने बाळाला कुंदाच्या मांडीवर बघून कौतुक केलं. इतकं गोंडस लेकरू उघड्यावर आणलंत, नजर काढल्याशिवाय नेऊ नका, असं म्हणत ती आतून मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आली. बाळावरून ओवाळायला तिने हात उचलला तेव्हा अक्काने तिचं मनगट धरलं.

"मीठ नको त्याले."

"का ओ, आत्याबाई?"

"इतला दिन मिठमाच व्हता तो."

सुगंधाला काही कळलं नाही. तिने मूठ तशीच मिटून मागे घेतली. अक्काने बोट पुढे केलं, बाळाने ते घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

कुंदा हसली. तिने वाकून बाळाच्या कपाळाचा पापा घेतला आणि ओठांवरून जीभ फिरवली.

"बघा ना," ती लीलाधरला म्हणाली, "हा नेहमी असा खारट का लागतो?"

"घाम असेल," लीलाधर म्हणाला.

गिरधरने घोंगडी गळ्याशी आणखी घट्ट ओढून घेतली.