मेरिदाहून आलेली सोबत

हे लिहावं की नाही, यात माझे दोन आठवडे गेले. शेवटी ठरवलं, लिहूनच टाकू.

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. बरंचसं माझ्या मावशीने स्वतः सांगितलं आहे. थोडं माझ्या बहिणीच्या डोळ्यांदेखत घडलं आहे. आणि एक गोष्ट... एक गोष्ट माझ्याच बाबतीत झाली आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा. आधी मीही हसलोच होतो.

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४. दुपारचे साडेतीन. मेक्सिकोतलं मेरिदा नावाचं जुनं शहर, आणि त्यातला सांता लुसिया पार्क.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. लख्ख ऊन होतं, आणि मावशी हातात खाऊ घेऊन एका बाकावर बसली होती.

पण थोडं मागून सांगतो.

अलकामावशी म्हणजे आमच्या आईची धाकटी बहीण. तिचे यजमान डॉक्टर दीनानाथ, आमचे काका. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये ते भूलतज्ज्ञ होते. दोघांनी त्या गावात पस्तीस वर्षं काढली. मूलबाळ नाही. माझी बहीण देवयानी वॉटफर्डला आणि मी ब्रिस्टलला, एवढंच काय ते त्यांचं माहेर-सासर.

त्यांच्या घरात बंदरावरच्या जहाजांचे भोंगे ऐकू येतात. भोंगा झाला की काका म्हणायचे, "चालले बघ लोक फिरायला. रिटायर होऊ दे, मग आपणही."

रिटायर झाल्यावर त्यांनी खरंच मेरिदाची फाइल बनवली. नकाशे, प्रिंटआउट्स, रोजचं वेळापत्रक. काकांचा कारभारच तसा. चहाला कुठे थांबायचं हेसुद्धा लिहिलेलं.

आणि फेब्रुवारीत ते गेले. झोपेत, काही न सांगता.

मग लोक आले. मराठी मंडळातून डबे आले. महिन्याभरात डबे थांबले. लोकांचा दोष नाही, ज्याला त्याला आपापली कामं असतात. शेजारीण खिडकीतून हात करायची, तेवढंच. मावशी दिवसभर रेडिओ लावून ठेवायची. बातम्या ऐकायला नाही, घरात बाईचा नाहीतर पुरुषाचा आवाज असावा म्हणून.

नोव्हेंबरमध्ये तिने काकांची ती फाइल उचलली आणि एकटीच निघाली.

मेरिदा तिला आवडलं. पिवळ्या, गुलाबी भिंतींची घरं. जुन्या देवळांचे दगड काढून बांधलेलं भलंमोठं चर्च. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चित्रांच्या पाट्या, कुठे हत्ती, कुठे आणखी काही. पूर्वी वाचता न येणाऱ्यांना पत्ता कळावा म्हणून लावलेल्या, असं फाइलमध्ये लिहिलं होतं.

हत्ती दिसला तशी ती पटकन डावीकडे वळून म्हणाली, "बघितलंत का?"

डावीकडे कुणीच नव्हतं.

काकांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. म्हणून ते कायम मावशीच्या डाव्या हाताला चालायचे, म्हणजे त्यांचा चांगला कान तिच्याकडे. इतक्या वर्षांची सवय. त्या तीन दिवसांत तिची मान किती वेळा डावीकडे वळली, याची गणती नाही.

तिसऱ्या दिवशीच्या पानावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: '३.३०. सांता लुसिया. जोडीची खुर्ची. अलकाला आवडेल.'

त्या गावात बागांमधून पांढऱ्या सिमेंटच्या खुर्च्या आहेत. दोन बैठका एकमेकींना जोडलेल्या, पण एकीचं तोंड इकडे आणि दुसरीचं तिकडे. दोघं बसली की खांद्याला खांदा लागतो, आणि जरा मान वळवली की समोर चेहरा.

मावशीने गाडीवरून तिथला एक खाऊ घेतला. पापडासारखी कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं चीज. ती एका बैठकीत बसली. दुसरी मोकळी.

पार्क रिकामा होता. त्या उन्हात कोण येणार?

अर्धी गुंडाळी खाऊन झाली आणि तिला रडू फुटलं. अगदी हमसून हमसून. मग डोळे पुसले आणि घरी म्हणायची तसंच, सवयीने म्हणाली...

"अहो, बसा ना. किती वेळ उभे राहणार?"

...

आणि कुणीतरी बसलं.

दमलेला माणूस टेकताना सोडतो तसा एक लांब उसासा. मग तिच्या उजव्या खांद्याला हलकासा भार.

तिने मान वळवली नाही. वळवली आणि बैठक रिकामी दिसली तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं. ती तशीच बसून राहिली आणि बोलत सुटली. चर्चबद्दल, हत्तीबद्दल, देवयानीबद्दल. नऊ महिन्यांचं साठलेलं सगळं.

उठली तेव्हा मागे पावलं वाजली.

चट्... फट्... चट्... फट्...

सपातांसारखा आवाज. उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे.

परतीच्या विमानासाठी कॅन्कूनला जाणाऱ्या बसमध्ये शेजारची सीट पूर्ण प्रवासात कुणी घेतली नाही, बस भरलेली असूनही. विमानात तिला गाढ झोप लागली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

ती घरी आली. सोबत घेऊन आली.

पहिले काही दिवस तिने आम्हाला काही सांगितलं नाही. फोनवर मात्र एकदम खुशीत. मी देवयानीला म्हटलं, "बघ, ट्रिपने किती फरक पडला." किती शहाणा मी!

घरात काय चाललं होतं ते नंतर कळलं.

इथे हिवाळ्यात चारच्या सुमारालाच अंधार पडतो, तेव्हा रोज हॉलमध्ये आवाज यायचा. भिंतीवरून हात फिरवल्याचा. खस्... खस्... वर, खाली, परत वर. कुणीतरी दिव्याचं बटण शोधतंय. आणि बटण दाराच्या पलीकडच्या बाजूला.

मग सपाता जिन्याशी यायच्या. थांबायच्या. वरती जायच्याऐवजी जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडायचं... आणि हळूच बंद व्हायचं.

चुकलेल्या पाहुण्यासारखं.

मावशी किचनमधून सांगायची, "अहो, तिकडे नाही. वर."

हळूहळू त्या पावलांना घर कळायला लागलं. एके दिवशी दिवा पहिल्या फटक्यात लागला. मग काकांच्या खुर्चीची करकर सुरू झाली. मग एक दिवस बाथरूममधून खाकरल्याचा आवाज आला. अगदी काकांसारखा.

जवळजवळ.

डिसेंबरमध्ये देवयानीच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. मावशी फोन उचलेना. उचलला तर घाईत असायची. मंडळाच्या बायकांनी सांगितलं, दार उघडत नाही, पडदे दिवसासुद्धा ओढलेले असतात. रविवारी, बावीस तारखेला, देवयानी ट्रेनने साउथहॅम्प्टनला गेली. मी ब्रिस्टलहून गाडी घेऊन निघालो आणि नेहमीप्रमाणे ट्रॅफिकमध्ये अडकलो.

मावशी निम्मी झाली होती. पण चेहऱ्यावर हसू. टेबलावर चहाचे तीन कप.

"अनिश यायला अजून अवकाश आहे गं, मावशी."

"अनिशचा नाही तो."

तेवढ्यात वर खुर्ची करकरली...

देवयानीने कप खाली ठेवला. ही मुलगी सॉफ्टवेअरवाली, तिचा कशावर विश्वास नाही. पण तिने छताकडे बघत हळूच विचारलं, "वर कोण आहे?" मग मावशीने तिला सगळं सांगितलं. अगदी आनंदाने, पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं.

"काका कुठल्या बाजूने चालतात तुझ्या?" देवयानीने विचारलं.

"उजव्या. कायम उजव्याच."

"मावशी, काका डावीकडून चालायचे. कानामुळे. आम्ही लहानपणी हसायचो त्यांना."

"कानाला काय झालं होतं त्यांच्या?"

देवयानी पुढे सरकली. "ओके. काका कसे हसायचे, सांग बरं?"

मावशीने तोंड उघडलं. मिटलं. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ आठवत बसली. पस्तीस वर्षं जो माणूस समोर हसला, त्याचं हसणं तिला सापडेना. भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे तिने असं बघितलं, जणू तो कुणी दूरचा नातेवाईक.

वर जे होतं ते एकेक गोष्ट शिकत होतं. आणि ते जे शिकत होतं, ते मावशीकडून पुसलं जात होतं.

"तू त्या पार्कात एक्झॅक्टली काय म्हणालीस? नाव घेऊन बोलावलंस?"

"नाव? इश्श, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. अहो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

"म्हणजे तिथे जो कुणी होता, त्याला वाटलं आपल्यालाच बोलावलं." देवयानी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "मावशी, ते काका नाहीयेत."

मावशीने तिसऱ्या कपावर बशी झाकली. मग म्हणाली,

"माहितीये मला. गॅटविकला विमानातून उतरल्यापासून माहितीये. दाराबाहेर आलो तेव्हा थंडीने तो असा दचकला... असा श्वास ओढला त्याने. इथे पस्तीस वर्षं काढलेला माणूस थंडीला असा दचकतो का?"

"मग तू घरी कशाला आणलंस?"

"एकटी कशाला येऊ?"

 

पण देवयानी हट्टाला पेटली. काकांचं नाव घे, म्हणाली. काका असतील तर राहतील. आत्ता नाही घेतलंस तर उद्या नावसुद्धा आठवणार नाही तुला.

तेव्हा मात्र मावशी घाबरली. म्हणजे नाव आठवेना असं झालं होतं आधीच, आणि ते तिलाही तेव्हाच कळलं. ती ओठ हलवत राहिली. देवयानी सांगणार इतक्यात मावशी उठली. फोटोशी गेली, हार बाजूला केला आणि काचेवर हात ठेवून उभी राहिली. मग जिन्याशी येऊन, वर बघून, मोठ्याने म्हणाली...

"दीनानाथ?"

खुर्चीची करकर थांबली.

घर गप्प झालं. फ्रिजसुद्धा वाजत नव्हता, असं देवयानी म्हणते.

मग सपाता उतरायला लागल्या. एकेक पायरी. शेवटच्या पायरीवर मावशीच्या अगदी समोर थांबल्या. एक उसासा ऐकू आला, लांब, दमलेला. मावशीने हात पुढे केला, तो हवेतच राहिला.

त्याच वेळी मी बाहेर दाराशी पोचलो होतो. दोन्ही हातांत पिशव्या. बेल कशी वाजवू या विचारात असताना दार आतून उघडलं. मला वाटलं देवयानी.

मी चटकन बाजूला झालो आणि "सॉरी" म्हणालो.

समोर कुणीही नव्हतं. पण मी बाजूला का झालो? माझ्या बाहीला कापड घासून गेलं होतं. उबदार होतं ते. दिवसभर उन्हात बसलेल्या माणसाच्या सदऱ्यासारखं. बाहेर दोन डिग्री होतं.

मागे, बागेतल्या वाटेवर, चट्... फट्... चट्... फट्... फाटकापर्यंत. मग काही नाही.

आत मावशी जिन्यावर बसून रडत होती. "खोकून हसायचे गं," असं देवयानीला सांगत होती. "आधी खोकायचे, मग हसायचे." तिला सगळं परत आठवलं होतं. कान, हसणं, आवाज. आणि ते गेल्याचंही, नव्याने.

आम्ही तिला आठवडाभर वॉटफर्डला नेलं. जेवली, झोपली, वजन जरा भरलं. आम्ही दोघांनी एकमेकांची पाठ थोपटून घेतली. नवीन वर्षात ती घरी परतली आणि रेडिओ पुन्हा सुरू झाला.

दोन आठवड्यांपूर्वी देवयानीचा फोन आला. मावशीच्या आयपॅडवरचा ईमेल तिच्याकडेही येतो.

मेरिदाचं बुकिंग होतं. जातानाची एक सीट. येतानाच्या दोन.

देवयानीने लगेच मावशीला फोन लावला. ओरडली, रडली, सगळं केलं. "तू परत विसरशील काकांना! कळतंय का तुला?"

"कळतंय," मावशी म्हणाली. अगदी शांतपणे. "पण त्यांची आठवण जिना उतरून खाली येत नाही ना गं."

नंतर तिने मला फोन केला. गॅटविकला न्यायला येशील का, म्हणून. उशीर करू नकोस, म्हणाली, बाहेर फार थंडी असते. तिला स्वतःला थंडीचं काही वाटत नाही, हे मला माहीत आहे.

मी हो म्हणालो.

ती परवाच गेली. शनिवारी सकाळी साडेनऊला तिचं विमान उतरतं. काल मी गाडीची मागची सीट साफ केली आणि हीटर नीट चालतोय ना, ते दोनदा बघितलं.