दंडावरचा लचका

निवेदिकेच्या नवऱ्याचं डोकं इस्त्रीनं ठेचलेलं होतं. एक नाही, दोन नाही, सात घाव. उजव्या दंडाचा तर दातांनी असा लचका तोडलेला की आतलं हाड दिसावं. आणि हे सगळं भर सकाळी, त्याच्या राहत्या घरात.

निवेदिका, म्हणजे टीव्हीवर बातम्या सांगणारी त्याची बायको, प्रेताशेजारी सापडली. हातात इस्त्री, तोंड रक्तानं माखलेलं. झालं, फौजदारांनी उचलून कोठडीत टाकली.

तिसऱ्या दिवशी तिची आई कवळीवाल्यांकडे आली. हे खासगी गुप्तहेर. आधी वीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या, म्हणून हे नाव चिकटलं. सोबतीला पैलवान. अंगानं आडवा, मनानं सरळ, डोक्यानं जरा निवांत.

"पोरगी माझीच आहे," आई म्हणाली, "पण नवरा पुढ्यात मेला आणि हिच्या ओठाची कड हलली नाही हो. फौजदारांनाही मी तेच बोलून बसले. आता तिला फाशी झाली, तर ती मीच दिली असं होईल."

कोठडीत निवेदिकेनं सांगितलं, की स्टुडिओतून घरी आले तर ते पडलेले. वाटेतली इस्त्री उचलली, तोंडात तोंड घालून श्वास दिला. सांगताना तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ओठ शांत. तिच्या पुढ्यातल्या ताटलीत पावाच्या कडा तशाच पडल्या होत्या, मऊ भाग तेवढा पाण्यात भिजवून खाल्लेला. पैलवान पुटपुटला, की बाईचं काळीज दगडाचं दिसतंय.

स्टुडिओतला रंगभूषाकार बोलका निघाला. बारा वर्षांपूर्वी बाईंचा जबडा चांगला चौकोनी होता, रंगाची सावली देऊन देऊन तो लपवताना त्याच्या नाकी नऊ यायचे. आता आपोआप निमुळता झालाय. दर चार महिन्यांनी बाई दातांच्या कामासाठी सुट्टी घेतात, दात मात्र मोत्यासारखे. कवळीवाल्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मग मयताची बहीण, म्हणजे निवेदिकेची नणंद. त्याच घरात राहणारी. उकाड्यानं जीव जात होता, तरी गळ्याला स्कार्फ घट्ट. भाऊ तिला धाकट्या भावाकडे धाडणार होता, म्हणून सामान बांधत होती. वहिनीनं दंडात दात रोवून डोक्यात इस्त्री घातली, हे आपण दारातून पाहिलं असं तिनं सांगितलं. बोलता बोलता नायलॉनची दोरी दाढेत धरली आणि कचकन तोडली.

दुसऱ्या दिवशी सगळे त्याच घरात जमले.

"पैलवान, हात पुढे कर," कवळीवाले म्हणाले आणि निवेदिकेकडे वळले. "ताई, जीव खाऊन चावा."

निवेदिकेनं सगळा जोर लावला. पैलवानाच्या हातावर कसाबसा वळ उठला.

"नाटक करतेय," फौजदार गुरकावले.

"मग गालाला हात लावून बघा. दात आवळले की जबड्याशी स्नायूचा गोळा उठतो. तुमचा उठेल, हिचा नाही. चेहऱ्याचा खालचा भाग तरुण राहावा म्हणून ही बारा वर्षं बोट्युलिनमची, म्हणजे बोटॉक्सची, इंजेक्शनं घेतेय. जबड्याचे स्नायू सुकलेत, पावाची कड चावत नाही. डॉक्टरांच्या नोंदी मी आणल्यात. ओठांच्या कडा खाली ओढणारे स्नायूही तसेच लुळे. रडताना हिचं तोंड वाकडं होणार कसं? दातांचं काम हा बहाणा. खरं घरात कुणालाच माहीत नव्हतं."

कवळीवाले नणंदेकडे वळले. "तुम्हालाही नव्हतं. तुम्ही पहिला घाव घातलात, तेव्हा भावानं गळा धरला. सुटायला तुम्ही लचका तोडलात आणि बाकीचे घाव घातलेत. न्हाणीघरात रक्त धुऊन बाहेर आलात, तर वहिनीचं तोंड लाल. आयतं सापडलं, चावा तिच्या नावावर टाकलात. तिला चावताच येत नाही बाई. स्कार्फ काढा."

ती काढेना. महिला शिपायानं ओढला. गळ्यावर पाच बोटं काळीनिळी उमटली होती.

"चोवीस वर्षं त्याचं घर सांभाळलं मी," नणंद ओरडली, "आणि मला पिशवीसारखी उचलून ठेवत होता."

तिला घेऊन गेले. आई लेकीजवळ आली. मला कळलं नाही गं, म्हणाली, आणि तिचा चेहरा ओंजळीत धरला. लेकीनं तो हळूच सोडवून घेतला.

"फौजदार परके होते, आई. त्यांनी तोंडच बघितलं. तू मला एकदा विचारायचंस."

आईचे हात तसेच हवेत राहिले.