मुशीचं झाकण

मी शिकवते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला वजनकाटा बिघडला, म्हणून मी तो घेऊन हिंगोलीच्या हळद बाजारामागच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरमागचा माणूस मान खाली घालूनच म्हणाला, "ठेवा तिथं." आवाज ओळखीचा होता… सोमेश्वरचा.

बारावीला प्रॅक्टिकलमध्ये आम्ही एकाच टेबलावर असायचो. त्यानं समीकरण लिहायचं आणि मी खोडायचं, हे ठरलेलं. मॅग्नेशियमची फीत जाळायची होती, त्या दिवशीही मॅग्नेशियम अधिक ऑक्सिजन, बाणापुढे नुसतं मॅग्नेशियम ऑक्साइड लिहून हा मोकळा.

"ऑक्सिजन जोडीनं येतो ना? मग इकडं मॅग्नेशियम दोन, तिकडं ऑक्साइड दोन."

"जोडीनं येतो व्हय… बरं हाय त्याचं," तो म्हणाला. मी उगाच वहीत बघत राहिले.

जितके मोल मॅग्नेशियम, तितकेच मोल ऑक्साइड. ०.२४ ग्रॅम फीत मुशीत, म्हणजे झाकणाच्या छोट्या भांड्यात, जाळली की ०.४० ग्रॅम पांढरी राख भरायला हवी. आमची भरली ०.३४. माझे मार्क गेले, आणि मी रागानं टेबल बदलून घेतलं. पुन्हा आम्ही बोललो नाही. बारा वर्षं त्या रागाच्या नावाखाली मी त्याचीच आठवण काढत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

"तेव्हाही काटाच खराब होता का रे?" मी विचारलं.

त्यानं वर पाहिलं. हातातला स्क्रू ड्रायव्हर हळूच खाली ठेवला.

"प्रतीक्षा… न्हाई. काटा बराबर होता. मुशीचं झाकण मी घडीघडी उघडून राहिलो होतो. धुरासंगं राख उडून गेली."

"सरांनी बजावलं होतं ना? काहून उघडलंस मग?"

"उघडलं की जळत्या फितीचा उजेड पडायचा," तो म्हणाला, "तुझ्या तोंडावर."

बाहेर हमाल हळदीची पोती उतरवत होते. माझे कान तापले.

"तवाच सांगायचं होतंस."

"तू टेबल बदललंस की."

"लग्न केलंस?"

"न्हाई. तू?"

"नाही."

काट्यावरचं कॉलेजचं नाव त्यानं चिठ्ठीवर उतरवून घेतलं. मग म्हणाला, "शनिवारी आणून देऊ कॉलेजात?"

"शनिवारी पोरांचं हेच प्रॅक्टिकल आहे. ते झालं की थांब… एक फीत आपण जाळू," मी म्हणाले. "या खेपेला झाकण मी उघडणार. वजन किती का भरेना."