दोन ब्रेकची गाडी

सिग्नल लाल होता, ती नियमाप्रमाणे गाडी थांबवून उभी होती, आणि मागून ट्रक आला.

गाडी पुढच्या खांबावर जाऊन थडकली. काचेचा चुरा मांडीवर सांडला. ती उठायला गेली, तेवढ्यात मागचं दार उघडलं. कुणीतरी आत शिरलं आणि दोन उबदार तळव्यांनी तिचं डोकं दोन्ही बाजूंनी धरलं.

"हलू नका. मान आहे तशीच ठेवा. माझ्याशी बोलत राहा."

"तुम्ही… डॉक्टर आहात?"

"हो. म्हणजे—"

"म्हणजे काय?"

"जनावरांचा."

तिला हसू फुटलं आणि खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"हसू नका हो!"

"मग हसवू नका ना!"

बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती शिकवायची. सगळं गाव तिला 'मॅडम' म्हणायचं. अपघात झाल्यावर काय करायचं, हा धडा तर तिच्या जिभेच्या टोकावर असायचा. आणि आज स्वतःवर वेळ आली, तर पाटी कोरी!

"आता काय करायचं असतं?" तिने लहान मुलीसारखं विचारलं.

"पहिली गोष्ट, 'मला काही झालेलं नाही' असं म्हणायचं नाही."

ती नेमकं तेच म्हणणार होती.

तिचं डोकं न सोडता तो खिडकीतून एकेकाला कामाला लावत होता. तुम्ही अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, तुम्ही पोलिसांना कळवा, तुम्ही दोन्ही गाड्यांचे फोटो काढा, नंबर नीट येऊ द्या. एवढ्यात ट्रकचा म्हातारा ड्रायव्हर लटपटत खिडकीशी आला. "ब्रेक लागलाच नाही हो, पोरी…" तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता.

"काका, तुम्हाला कुठे लागलंय का?" मागच्या सीटवरून डॉक्टरने विचारलं. "आधी खाली बसा बघू. कुणीतरी यांना पाणी द्या."

त्याचा चेहरा तिने अजून पाहिलासुद्धा नव्हता. पण माणूस चांगला आहे, हे तिच्या मनाने तिथेच ठरवून टाकलं.

हॉस्पिटलमध्ये कळलं, खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलंय. हात झोळीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक उंच, सावळा, केस विस्कटलेला माणूस उभा राहिला. हातात सायकलची किल्ली, शर्टावर कुत्र्याचे केस.

"पेशंट कशी आहे?"

आवाजावरूनच तिने ओळखलं. गालांवर ऊन पडल्यासारखं झालं… खिडकीला तर पडदा होता!

"मजेत."

"मान दुखते? डोकं जड वाटतं?"

"थोडंसं. चालायचंच."

"चालायचं नाही. डॉक्टरांना सांगितलंत? नाही ना? आत्ता सांगायचं. लपवलेलं दुखणं पुढे छळतं."

"तुमचे पेशंट सगळं ऐकतात वाटतं?"

"चावतात. पण खोटं बोलत नाहीत."

आई म्हणाली, "अहो, बसा ना." आणि मग फुलदाणीत पाणी भरायच्या निमित्ताने बराच वेळ बाहेर राहिली. फुलदाणी रिकामीच होती. फुलं कुणी आणलीच नव्हती.

तो येत राहिला. कधी औषधांची चौकशी, कधी इकडून जात होतो म्हणून. त्याचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विचारलं मात्र कुणीच नाही.

हाड जुळलं. झोळी सुटली. पण गाडीत बसायचं म्हटलं की ती दुसरंच काहीतरी काम काढायची. वर्गात फळ्यावर ती सुरेख शिकवायची, किल्ली पाहिली की हात मागे. शेवटी एका संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, "शहरात मावशीच्या ऑफिसात जागा आहे. मी तिकडे जाते." बाबा नुसते चष्मा पुसत राहिले, चांगला स्वच्छ असूनही.

दुसऱ्याच दिवशी तो स्कूलच्या दारात हजर.

"मला गाडी शिकायचीय."

"या की, मी शिकवतो," बाबा म्हणाले.

"नको. मॅडम हव्यात."

बाबांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "मग मॅडमनाच विचारा."

"मी हल्ली गाडीत बसत नाही," ती पुटपुटली.

"मोकळ्या मैदानात शिकू. तुम्ही म्हणाल तिथे थांबू. म्हणाल तेव्हा उतरू."

ती बसली. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो म्हणून बसली, असं तिने स्वतःला बजावलं.

तो खरंच भयंकर चालवायचा! गाडी बेडकासारख्या उड्या मारायची.

"क्लच हळू सोडा… अहो, हळू! वासराला दूध पाजताना असेच हिसके देता का?"

"वासरू माझ्याकडे प्रेमाने बघतं."

"मग मीही—" तिने जीभ चावली. "मीही रस्त्याकडे बघतेय. तुम्हीही बघा!"

तो समोर बघू लागला. कान मात्र लाल झाले होते.

मैदानातून गल्लीत, गल्लीतून मोठ्या रस्त्यावर. आणि एका सकाळी आरशात ट्रक आला. मोठा होत गेला, सगळा आरसा भरून गेला. तिचा पाय ब्रेकवर कधी पडला, कळलंच नाही. गाडी कडेला आचका देऊन थांबली. ती ब्रेकवरून पाय काढेना.

त्याने धोक्याचे दिवे लावले, हात बाहेर काढून ट्रकला पुढे जायची खूण केली. 'घाबरू नका' असं काही तो म्हणाला नाही.

"मीपण घाबरलोय," तो म्हणाला. "थोडा वेळ दोघं मिळून घाबरू या?"

ट्रक शांतपणे निघून गेला. ती रडली, मग रडता रडताच हसली. डोळे पुसून म्हणाली, "उतरा."

"नापास?"

"उतरा हो! जागा बदलायचीय."

तिने पट्टा लावला, आरसा नीट केला. पहिला गिअर, दुसरा… वारा खिडकीतून आत आला, झाडं मागे पळू लागली आणि तिच्या छातीवरचा धोंडा कुठेतरी वाटेतच गळून पडला. ती मोठ्याने हसत होती. तो रस्ता सोडून तिच्याकडेच बघत होता.

त्याच्या दवाखान्यासमोर तिने गाडी थांबवली. तो उतरेना.

"बाबांकडून कळलंय मला. मावशीकडे जाऊ नका."

"का?"

"माझं शिकणं अर्धं राहील…"

"डॉक्टर!"

"बरं." त्याने दीर्घ श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. फार. सकाळी उठल्यावर आज भेटायला काय निमित्त काढायचं, हाच पहिला विचार असतो."

इंजिन घुरघुरत होतं. तिने किल्ली फिरवून ते बंद केलं. सगळं एकदम शांत झालं.

"इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "पुन्हा सांग."

'सांगा' नाही… 'सांग.' त्याच्या ते ध्यानात यायला क्षणभर लागला. आणि मग, चेहराभर हसत, त्याने पुन्हा सांगितलं.