सुई उचलली नाही

“दर ऐतवारी चारला झाडायला बसतात बघ वरचे. खस्स… खस्स… स्वल्प म्हणून झोप नाही दुपारची!”

लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या धनलक्ष्मी अक्का फोनवर कुणाशी तरी कुरकुरत होत्या. मागे स्मिता उभी आहे हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

आणि ‘वरचे’ म्हणजे स्मिता आणि तिचा नवरा उल्हास.

स्मिताला आधी हसू आलं. रविवारी तिच्याकडे कामाला बाई येत नाही. आणि उल्हासच्या हातात झाडू तिने वीस वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता.

“अक्का, कुठल्या ऐतवारी?”

अक्का दचकल्या. “अय्यो, तू हायस होय मागं! राग मानू नको गं. कालच्या ऐतवारी. त्याच्या आदल्या पण. तीन-चार महिने झाले की.”

स्मिताचं हसू तिथेच थांबलं.

काल आणि त्याच्या आदल्या रविवारी ती दोघं पुण्यात होती. काल संध्याकाळच्या बसने निघून आज सकाळी परतली होती.

घराला कुलूप होतं…

दुसरी चावी कुणाकडेच नव्हती.

ही घडलेली गोष्ट आहे. गेल्या वर्षीच्या जुलैतली, बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतली, चौथ्या मजल्यावरच्या एका साध्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली. तिथे ना पिंपळ, ना विहीर, ना अमावस्या. दुपारचे चार आणि लख्ख ऊन. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्या. पुढे जमणार नाही.

आता उल्हासचं वेड सांगायला हवं, नाहीतर तो आवाज कळायचा नाही.

उल्हास सॉफ्टवेअरवाला. वय सेहेचाळीस. बीपीची गोळी, वरण-भात, रात्री दहाला झोप. आणि कपाटात हेवी मेटलच्या चारशे रेकॉर्ड. प्रत्येक कव्हरवर कवट्या, आगी, थडगी. बँडचं नाव वाचता आलं तर तो बँड फुसका. झाडाची मुळं उपटून ठेवल्यासारखी अक्षरं दिसली की उल्हासचे डोळे चमकायचे. आत गाणं म्हणाल तर नुसती गुरगुर. पण रेकॉर्ड तो अशी पुसायचा, की स्वतःच्या बाळालाही कुणी इतक्या हलक्या हाताने पुसलं नसेल.

असेच आणखी तिघं त्याला ऑनलाइन सापडले होते. जयनगरचा वेदांत. बोम्मसंद्राच्या कारखान्यात काम करणारा, मूळ निपाणीचा शिवकुमार. आणि शुभंकर. नागपूरचा, एकटाच राहणारा, उल्हासच्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर.

दर रविवारी चार वाजता चौघं आपापल्या घरी एकच रेकॉर्ड लावायचे. व्हिडिओ कॉलवर, एक-दोन-तीन म्हणून, एकदम सुई टेकवायची.

कॅमेरा तोंडावर नाही, फिरणाऱ्या रेकॉर्डवर. हा त्यांचा नियमच होता. “थोबाडं ऑफिसात बघतोच की आपण,” शुभंकर म्हणायचा.

गाणी चालू असताना माइक बंद. एक बाजू संपली की माइक उघडायचे. सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरत असते तेव्हा जो आवाज येतो ना… खस्स… खस्स… तो एकमेकांना ऐकवायचा. ती हजेरी. मग सुई उचलायची, पाच मिनिटं गप्पा, आणि दुसरी बाजू.

स्मिता याला ‘सत्यनारायण’ म्हणायची. फक्त प्रसाद नाही एवढंच.

मार्चमध्ये शुभंकर गेला. हृदयविकार. एका सोमवारी दुपारी त्याच्या घरमालकाने दार उघडलं तेव्हा कळलं. वय एक्केचाळीस.

त्यानंतर सत्यनारायण बंद झाला. एकदाही झाला नाही. तिघं एकमेकांशी बोलेनासे झाले. दुःख असेल, असं स्मिताला वाटलं. पण दुःखातली माणसं एकमेकांना फोन करतात. हे तिघं एकमेकांना टाळत होते.

शुभंकरच्या बहिणीने, शाल्मलीने, फ्लॅट रिकामा केला तेव्हा त्याचा टर्नटेबल, रेकॉर्ड फिरवायचं ते मशीन, उल्हासने ठेवून घेतला. मागच्या छोट्या खोलीत. खोक्यात, टेप लावून.

लिफ्टमधून वर आल्यावर स्मिता थेट त्या खोलीत गेली.

खोकं जागेवर होतं. टेप जशीच्या तशी. वर धुळीचा थर.

कुणी हात लावलेला नव्हता…

तिने पेनाने टेपवरून खोक्यावर आडवी रेघ ओढली. लोणच्याच्या बरणीवर जशी खूण करतात तशी. आता कळेलच, कोण उघडतंय ते.

कारण तिचा संशय भुतावर नव्हता. नवऱ्यावर होता. त्याने गुपचूप चावी करून मित्रांपैकी कुणाला दिली असेल, असं तिला वाटलं.

संध्याकाळी तिने उल्हासला सांगितलं, अक्का काय म्हणाल्या ते. तो पोळीचा घास हातात धरून थांबला.

“पाइपमधून येत असेल. ड्रेनेजचा.”

“ड्रेनेज काय रविवार बघून वाहतं?”

तो उठला. ताट अर्धं टाकून. उल्हासने ताट टाकणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं.

दुसऱ्या दिवशी शाल्मलीचा फोन आला. उल्हासला नाही, स्मिताला.

“वहिनी, उल्हासदादा माझे फोनच घेत नाहीत हो. मी कामासाठी बेंगळुरूत येतेय. रविवारी चारला येते, ते मशीन घेऊन जाते.” मग म्हणाली, “आणि मला एक विचारायचंय त्यांना. आई रोज एकच विचारते. शेवटी तो एकटाच होता का गं? कुणाशी बोलला होता का? मला उत्तर देता येत नाही. ती जेवत नाही वहिनी.”

स्मिताने हे सांगितलं तेव्हा उल्हास खुर्चीत बसला. इतका हळू, की खुर्ची खाली आहे की नाही याची खात्री नसावी.

“मला काय माहीत?” तो म्हणाला.

तिने विचारलंच नव्हतं, तुला माहीत आहे का म्हणून…

शुभंकर सापडला त्याच्या आदल्या दिवशीचा तो रविवार तिला आठवत होता. ती जयनगरला साड्यांच्या दुकानात गेली होती. परत आली तेव्हा उल्हास रेकॉर्ड पुसत होता. नेहमीसारखाच. काही बोलला नव्हता.

तिने वेदांतला फोन लावला.

“वेदांत, एक विचारू? आमच्या खालच्या अक्कांना रविवारी…”

“तुमच्याकडेही येतो?” वेदांत एकदम म्हणाला.



“काय येतो?”

“नाही, म्हणजे… काही नाही वहिनी. मीटिंग आहे, ठेवतो.”

शिवकुमारचा फोन त्याच्या बायकोने, शिवलीलाने उचलला. “ह्यांनी सगळ्या रेकॉर्डी देऊन टाकल्या की हो वैनी. एका आठवड्यात. बारा वर्षं जमवलेल्या. मशीनपण. का म्हणून विचारलं तर रडायला लागले. आणि दर ऐतवारी दुपारी घर सोडून स्टँडवर जाऊन बसतात. गर्दीत.”



जयनगर. बोम्मसंद्रा. इथलं घर.

तीन घरं. एकच वार. एकच वेळ.

रविवारी तिने उल्हासला न विचारता दोघांनाही बोलावून घेतलं. “शाल्मली येतेय, खोकं उचलायला माणसं हवीत,” एवढंच सांगितलं. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. असलं तरी बोलता येणारं नव्हतं.

साडेतीनला दोघं आले. तीन पुरुष सोफ्यावर बसले, एकमेकांच्या पायांकडे बघत. स्मिताने पोहे केले. कुणी चमचा उचलला नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना शाल्मली आली. बारीक, दमलेली. शुभंकरसारखंच कपाळ.

पाणी प्यायली आणि लगेच मुद्द्यावर आली.

“दादा, घरमालक म्हणाले, दार उघडलं तेव्हा मशीन फिरतच होतं. रात्रभर. सुई झिजून गेली होती. डॉक्टरांनी वेळ सांगितली ती रविवारी पाचच्या आधीची. तुमचं ते एकत्र ऐकणं चारला असायचं ना? तो आला होता का त्या दिवशी?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग वेदांत म्हणाला, “त्या दिवशी त्याचं नेट गेलं होतं बहुतेक.”

शिवकुमारने मान खाली घातली. “व्हय. नेट.”

शाल्मली उल्हासकडे बघत राहिली. “दादा?”

उल्हासने तोंड उघडलं…

आणि बाहेरचे हॉर्न बंद झाले.

समोरच्या एक्सप्रेसवेवरचे हॉर्न कधी थांबत नाहीत. स्मिताला आधी वाटलं, आपल्याच कानाला दडा बसला. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर नव्हती. फ्रिज मुका. खालच्या मुलांचा क्रिकेटचा गोंगाट नाही.

घड्याळात चार वाजून गेले होते.

खस्स…

मागच्या खोलीतून.

खस्स… खस्स…

अगदी सावकाश. एकाच लयीत. जणू कुणीतरी सुई उचलायची वाट बघतंय.

“खाली कुणीतरी झाडतंय,” वेदांत म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“खालच्यांना तो वरून येतो,” स्मिता म्हणाली.

शाल्मली उठली. कुणी अडवायच्या आत खोलीत गेली. स्मिता तिच्या मागोमाग.

खोकं तसंच होतं. टेपवरची पेनाची रेघ जुळलेली. केसभरही हलली नव्हती.

खस्स… खस्स…

आवाज खोक्यातून येत होता.

शाल्मलीने टेप फाडली. झाकण उघडलं. बबल रॅप ओरबाडून काढला.

टर्नटेबल स्थिर होता. वायर गुंडाळून रबर लावलेली. त्यावर रेकॉर्ड नव्हती. सुईच्या जागी सुईच नव्हती, झिजली म्हणून काढून टाकलेली.

काहीच फिरत नव्हतं…

आणि आवाज येतच होता.

स्मिताने हात पुढे केला. का केला, तिला माहीत नाही. रबरी चकतीवर तळवा ठेवला.

ती कोमट होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

तिने मागे वळून पाहिलं. दारात तिघं उभे होते. शिवकुमार हमसून हमसून रडत होता. वेदांतने कान दाबून धरले होते. उल्हास मात्र आत आला. खोक्याजवळ गुडघ्यांवर बसला. बायकोकडे नाही, शाल्मलीकडे नाही, त्या थांबलेल्या चकतीकडे बघत.

स्मिता आजही सांगते, मला तेव्हा आवाजाची भीती नव्हती वाटत. हा माणूस आता काय बोलेल, याची वाटत होती. वीस वर्षं शेजारी झोपलेला माणूस. चार महिने काहीतरी गिळून बसलेला.

त्याचं बोलून झाल्यावर आवाज थांबला की आपल्यालाच ऐकू येईनासा झाला, हे तिला अजून नक्की सांगता येत नाही. त्या खोलीला ती आता कुलूप लावते. रविवारी चार वाजता दोघंही घरात थांबत नाहीत. अक्कांना तिने पुन्हा कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.

“तो आला होता, शाल्मली,” त्या दिवशी चकतीकडे बघतच उल्हास म्हणाला. “पहिली बाजू संपली. माइक उघडले. त्याच्याकडून हे येत होतं. मग घशातून घरघर आली. मोठी. तो नेहमी त्या गायकांची नक्कल करायचा गं, तसंच गुरगुरायचा… आम्हाला वाटलं, तेच. आम्ही हसलो. वेदांत म्हणाला, वन्स मोअर. मग काहीतरी पडल्यासारखं झालं. आम्हाला फक्त रेकॉर्ड दिसत होती. फिरत होती ती. मी म्हटलं, झोपला बहुतेक.”

“उल्हास, बस!” वेदांत ओरडला.

“दुसरी बाजू लावायची होती. त्याचा आवाज मध्ये येत होता.” उल्हासने आता मान वर केली. “तो एकटा नव्हता, शाल्मली. आम्ही तिघंही होतो तिथे. तो मरत होता, आणि मी त्याला म्यूट केलं.”