वाढीव वजन

वापरलेल्या विजेच्या गाड्या तपासून देणं हा माझा धंदा. सात वर्षं झाली. लोक एकच प्रश्न घेऊन येतात: ही घेतली तर फसणार नाही ना? मी सांगतो, विजेच्या गाडीची किंमत पहिल्या तीन वर्षांत धाडकन उतरते, पण गाडी काही तेवढी उतरत नाही. उतरते ती लोकांची हिंमत. नवं मॉडेल येतं, बॅटरी आता मरेल म्हणून कुणीतरी घाबरवून सोडतं, आणि जेमतेम वापरलेली गाडी निम्म्या भावात माझ्या दारात येऊन उभी राहते. बॅटरी नीट मोजली, टायर आणि ब्रेक पाहिले, तर यासारखा व्यवहार नाही. झीज पहिल्या मालकाने सोसलेली असते.

ताईसाठी गाडी घेतली तेव्हा मी हेच बोललो होतो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. घरोघर जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घेते. कुणाचा हात लुळा पडलेला, कुणाचं मांडीचं हाड जोडलेलं. दिवसाला सात घरं. तिची जुनी पेट्रोल गाडी आठवड्यातून दोनदा रस्त्यात बसायची.

"छोट्या, मला मिरवायचं नाहीये," ती म्हणाली. "सकाळी वेळेवर निघाली पाहिजे आणि संध्याकाळी घरी आली पाहिजे. तुझ्या भाऊजींकडूनही मी एवढीच अपेक्षा ठेवते."

भाऊजी वर्तमानपत्रामागून हसले.

ती राखाडी गाडी पुढच्याच आठवड्यात आली. तीन वर्षं जुनी, एकेचाळीस हजार किलोमीटर, बॅटरी चौऱ्याण्णव टक्के. विकणारा माणूस साठीचा, निवृत्त सर्व्हेअर. उन्हाचे दिवस असूनही अंगात जाड कोट, आणि पायात खाणकामगार घालतात तसले बूट. भावाची घासाघीस नाही. कागदांवर सही करताना त्याने एवढंच विचारलं, "चालवणार कोण?"

"माझी बहीण."

"एकटीच?"

"भाऊजींना चालवता येत नाही."

त्याने पेन कागदावरून उचललं. "एकाच माणसाने रोज चालवू नये," तो म्हणाला, आणि सही करून निघून गेला.

माझ्या वर्कशॉपमध्ये जमिनीत बसवलेल्या चार वजनपाट्या आहेत, एकेका चाकाखाली एक. आकडे आतल्या केबिनमधल्या पडद्यावर दिसतात. विजेच्या गाड्या जड असतात, वजन एका बाजूला गेलं की टायर खातात, म्हणून प्रत्येक गाडी मी मोजतो. ही भरली पंधराशे वीस किलो. कंपनीच्या पुस्तकात होतं तेवढंच, एक किलो इकडे नाही की तिकडे नाही.

दोन आठवड्यांनी ताईचा फोन आला. "अरे, गाडी बंदच होत नाही. मी उतरते, दार लावते, तरी आपली चालूच."

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. या गाड्यांत चालकाच्या सीटखाली एक सेन्सर असतो. माणूस उठला की गाडी आपोआप बंद होते. सेन्सर बिघडला असेल. मी नवा बसवला आणि ताईला बसून उतरायला सांगितलं. ती उतरली. पडद्यावर चालक सीटवर असल्याची खूण तशीच राहिली, आणि पट्टा लावा म्हणून गाडी टुंग टुंग करत राहिली.

मी रिकाम्या सीटकडे पाहिलं. कापड थोडं दबलेलं होतं. तीन वर्षांच्या सीटला तेवढा खोलगटपणा असतोच, असं मी मनाशी म्हटलं.

मग सवयीने गाडी पाट्यांवर घेतली. पंधराशे तेहतीस.

डिकी उपसली, पायपुसणी काढली, गाडीखाली आरसा सरकवून चेसिस पाहिली. तेरा किलोंचं काहीही सापडलं नाही. आणि ते तेरा किलो गाडीभर पसरलेले नव्हते. चार चाकांचे आकडे मांडून हिशेब केला तेव्हा ते एकाच जागी येत होते. चालकाच्या सीटवर.

"पाट्या बिघडल्यात," मी ताईला म्हणालो.

"सगळंच बिघडतंय," ती म्हणाली. "आमचा घरचा काटासुद्धा. परवा उभी राहिले तर पंचेचाळीस दाखवतो मेला. मी कॉलेजातसुद्धा पंचेचाळीस नव्हते."

आम्ही दोघंही हसलो. ती गाडी घेऊन गेली. त्याच दुपारी माणूस बोलावून मी पाट्या तपासून घेतल्या. पाट्या बरोबर होत्या.

पुढच्या वेळी गाडी मीच मागवली. पंधराशे एकोणपन्नास. एकोणतीस किलो जास्त. ताई स्टुलावर बसून मनगटं चोळत होती. चेहरा तोच, दंड तेवढेच भरलेले, साडीची निरी नेहमीसारखी घट्ट. वाळल्याची एकही खूण नाही.

"माझा जोर गेलाय रे," ती एकदम म्हणाली. "पाय दाबताना आपण अंगाचा भार टाकतो ना, तो पडतच नाही. काल एक आजोबा म्हणाले, हात टेकवलाय की नाही तेच कळत नाही. वीस वर्षं हे काम करतेय मी."

"डॉक्टरकडे जा. आणि ही गाडी इथेच ठेव."

"मग सात घरं काय चालत करू?" ती तडकली. मग आवाज खाली आला. "खरं सांगू? गाडीत बसलं की बरं वाटतं. तिथे कसं... बसल्यासारखं वाटतं."

ती गेल्यावर मी भाऊजींना फोन लावला. ते छापखान्यात होते. मशीनच्या आवाजापासून ते बाजूला आले.

"तूच विचारलंस म्हणून सांगतो," ते म्हणाले. "ती घरात वावरते ते ऐकूच येत नाही. जिना चढून येते, पावलं वाजत नाहीत. मागे वळलो की उभी. बायकोला दचकतो मी आताशा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या मालकाला गाठायला निघालो. कागदावरच्या पत्त्यावर न जाता त्याच्या नंबरवर फोन केला. त्याने एका लॉजचं नाव सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, एक खाट, एक खुर्ची. खिडक्या घट्ट बंद. अंगात तोच कोट. तो खुर्चीत बसला तेव्हा कोटाचे खिसे लाकडावर आदळले. लोखंड वाजावं तसे.

मी तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं, "किती झालं?"

"काय किती?"

"तुम्ही वजन करता. माहीत आहे मला. किती झालं?"

"एकोणतीस."

"आणि बहिणीचं किती होतं?"

"अठ्ठावन्न."

"निम्मं," तो म्हणाला. सर्व्हेअर माणूस, त्याने ते मोजणीच्या वहीत लिहावं तशा आवाजात सांगितलं. "निम्म्यानंतर भरभर जातं. मला आठ दिवस लागले."

"पण तुमच्याकडून घेतली तेव्हा गाडी पंधराशे वीस भरली होती. तंतोतंत. जास्तीचं काहीच नव्हतं तिच्यात."

"नसणारच. पूर्ण झालं की ते उतरतं."

"उतरतं म्हणजे?"

"म्हणजे दार उघडतं आणि उतरतं."

खाली रस्त्यावर कुणाचं तरी शटर वर गेलं. त्याने कोटाची बटणं एकेक करून चाचपली.

"तुम्ही घरी का राहत नाही?"

"घरी सगळं व्यवस्थित आहे," तो म्हणाला. "बायको खूश आहे. मी एकदा फाटकापर्यंत जाऊन आलो. आत जाण्यात अर्थ नव्हता."

मी निघताना त्याला टेकून उठायला हात दिला. कोटाच्या बाहीत जे होतं ते मी धरलं, आणि लगेच सोडलं. पतंगाचा कागद धरल्यासारखं ते लागलं होतं.

जिन्यातूनच ताईला फोन लावला. उचलला नाही. तो दिवस, त्याच्या पुढचा दिवस, ती फोनवर "कामात आहे" एवढंच म्हणायची. मी घरी गेलो तर गाडी घेऊन बाहेर. रुग्णांच्या घरी गेलो तर तिथूनही नुकतीच निघालेली. किल्ली कशी काढून घ्यायची याचे बेत मी करत राहिलो, आणि सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी दुपारी ती आपणहून वर्कशॉपमध्ये आली.

गाडी पाट्यांवर उभी करून ती उतरली. दार लावताना तिला दोन्ही हातांनी ढकलावं लागलं. डोळे सुजलेले होते.

"छोट्या, मला घाबरायला झालंय," ती म्हणाली. "आज दार उघडलं तर सीटची मागे टेकायची उशी दबलेली होती. माझ्या आधीच. मी बसायच्या आधीच."

मी तिला आत केबिनमध्ये घेतलं. काचेतून गाडी समोर दिसत होती. पडद्यावर आकडा आला.

पंधराशे सत्त्याहत्तर.

"पुन्हा नाही बसायचं तिच्यात," मी म्हणालो. "आत्ताच बॅटरीचा खटका काढतो. उद्या तोडायला देतो."

ती मान हलवत होती. आकडा बदलला. अठ्ठ्याहत्तर.

पंधराशे अठ्ठ्याहत्तर. वीस वजा केले की अठ्ठावन्न.

मी खुर्चीतून उठलो आणि जागच्या जागी उभा राहिलो.

बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. काचेतून मला गाडीची डावी बाजू दिसत होती. चालकाची बाजू पलीकडे होती.

गाडी स्प्रिंगांवर किंचित वर आली. माणूस उतरल्यावर येते तशी.

दार लागलं. नीट, एका हाताने लावावं तसं.

पडद्यावर पंधराशे वीस.

मी बाहेर धावलो. गाडीभोवती फिरलो, खाली वाकून पाहिलं, मागचं गोदाम पाहिलं, रस्त्यावर जाऊन दोन्हीकडे पाहिलं. दुपारची वेळ, चार माणसं येत जात होती. रोजच्यासारखी. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

परत आलो तेव्हा मला हायसं वाटत होतं, हे मी कबूल करतो. गेलं, म्हणजे सुटलो. आता ताईचं तिला परत मिळेल, असा काहीतरी वेडा हिशेब मी करत होतो. मी खटका काढला. गाडी मेली. सीटचं कापड सपाट झालेलं होतं.

"ताई, जरा इकडे ये."

ती गाडीत बसणार नाही म्हणाली. गाडी पुढे ढकलून मी पाटी मोकळी केली आणि तिला नुसतं उभं राहायला सांगितलं. ती दोन्ही पाय टेकवून उभी राहिली. मी केबिनमध्ये जाऊन पडदा पाहिला.

शून्य.

"उभी आहेस ना?" मी ओरडून विचारलं.

"आहे की रे," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊजी. ताईचं घर वर्कशॉपपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. मी घड्याळ पाहिलं. गाडीचं दार लागून वीस मिनिटं झाली होती.

"अरे, तू काय केलंस तिला?" भाऊजी म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा होता. "आज मी लवकर आलो होतो, आणि ही आत्ता आली. चालत. जिन्यात पावलं वाजली तेव्हा आधी मला खरंच वाटेना. कपाटावरचं पाण्याचं पिंप एकटीने उतरवलं. मला म्हणते, आता गाडी नको, देऊन टाका कुणालातरी. देऊ का फोन तिला?"

फोनमध्ये मागे भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी गुणगुणत होतं.

काचेपलीकडे ताई माझ्याकडे पाहत होती. ती आता पाटीवर नव्हती. तिथून चार हात मागे, भिंतीला पाठ लागून उभी होती, आणि आपण तिथे कसे पोहोचलो ते तिलाही कळलं नसावं, कारण ती आपल्या पायांकडे पाहत होती. मी नीट पाहिलं. तिच्यासमोर वर्कशॉपचा मोठा पंखा फिरत होता.

मी फोन टेबलावर ठेवला आणि आधी जाऊन पंखा बंद केला.